नियोजनाच्या बैठकीत रुग्णांना जागा कशी मिळाली

दवाखाना कुठे उघडायचा, तो किती वाजेपर्यंत चालू ठेवायचा, हे तिथे रांगेत उभं राहणाऱ्याला कुणी विचारत नसे. नियोजन हे डॉक्टरांचं आणि अधिकाऱ्यांचंच काम मानलं जाई. सप्टेंबर १९७८मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या, आजच्या कझाकस्तानातल्या अल्मा-आता शहरात आरोग्यसेवेवरच्या परिषदेसाठी १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांच्या जाहीरनाम्यात लिहिलं गेलं की, आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे, कर्तव्यही आहे.

पण ‘भाग घेणं’ म्हणजे काय? अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९मध्येच लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यात लोकांचं मत विचारणं ही जेमतेम चौथी पायरी. मत ऐकून घेतलं, निर्णय मात्र आधीच झालेला, असं आजही इतक्या ठिकाणी घडतं की ही शिडी जुनी वाटत नाही.

रुग्णांनी स्वतःहून ही शिडी चढायला घेतली ती १९८३मध्ये, अमेरिकेतल्या डेन्व्हरला. एड्सच्या विषाणूवर तेव्हा एकही औषध नव्हतं. तरी एड्स झालेल्या काही जणांनी तिथल्या आरोग्य परिषदेत ठणकावलं: आम्हाला ‘बळी’ म्हणू नका आणि आम्हाला सेवा देणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर आम्हाला घ्या. मरण समोर दिसत असताना त्यांनी दयेऐवजी अधिकार मागितला, याचं मोल मला फार वाटतं.

तो अधिकार कायद्यात सर्वांत ठोसपणे उतरवला ब्राझीलने. लष्करी राजवट संपल्यावर १९८६च्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेत मोठं मंथन झालं, १९८८च्या राज्यघटनेत लोकसहभाग आला आणि १९९०च्या कायद्याने प्रत्येक स्तरावर आरोग्य मंडळं आली. त्यांतल्या निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांच्या. खरी मेख पुढे आहे: केंद्राचा निधी हवा असेल, तर नगरपालिकेकडे असं मंडळ असायलाच हवं.

ब्रिटनमध्ये १९७४पासून सामुदायिक आरोग्य परिषदा, म्हणजे आरोग्यसेवेत रुग्णांची बाजू मांडणारी स्थानिक मंडळं, होत्या. त्यांचे एक तृतीयांश सदस्य स्वयंसेवी संस्था निवडत. रुग्णालय बंद करण्याच्या प्रस्तावावर परिषदेने हरकत घेतली, तर तो मंत्र्यांपर्यंत जाई. इंग्लंडमधल्या परिषदा २००३मध्ये मोडीत काढल्या गेल्या. वेल्समधल्या २०२३पर्यंत टिकल्या.