मुलाच्या अंगावरचे चट्टे आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस: पहिल्या भेटीला येण्याआधी वाचा

मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे चट्टे दिसतात, कुणीतरी ‘एनएफ’ (न्यूरोफायब्रोमॅटोसिस, म्हणजे जनुकातल्या बदलामुळे त्वचेवर चट्टे आणि मज्जातंतूंवर गाठी येण्याचा आजार) म्हणतं आणि घरात कुणाला झोप लागत नाही. बहुतेक पालक अशा अवस्थेतच आम्हाला फोन करतात. सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून उत्तरे इथे लिहून ठेवतो आहोत. त्यातली सगळ्यात महत्त्वाची विनंती आधीच सांगतो: पहिल्या भेटीला आई-बाबा दोघेही या.

एखाददुसरा चट्टा पुष्कळ निरोगी मुलांना असतो, त्याची काळजी नको. वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त चट्टे असतील, तर मात्र तपासणी हवी. वयात आल्यानंतर हीच मर्यादा १५ मिलिमीटर धरतात. आम्ही मुलाचे कपडे काढून, पारदर्शक पट्टी लावून एकेक चट्टा मोजतो. पाठ, पोट, मांड्यांची मागची बाजू असं काहीच सोडत नाही. म्हणून मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून हो की नाही ते सांगत नाही. फोटोत माप कळत नाही आणि उजेड बदलला की रंगही बदलतो.

चट्ट्यांखेरीज आणखी खुणा पाहाव्या लागतात: काखेत किंवा जांघेत बारीक ठिपके, बुबुळावर लिश नोड्यूल नावाचे इवलेसे उंचवटे, मज्जातंतूंवरच्या मऊ गाठी, दृष्टीच्या नसेवरची गाठ, नडगीच्या हाडाचा बाक. २०२१ साली सुधारलेल्या निकषांनुसार चट्टे धरून यांतल्या दोन खुणा जुळल्या की एनएफ-१ चं, म्हणजे या आजाराच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, निदान होतं. जनुकातला बदल सापडणं हाही त्यातलाच एक निकष आहे. अडचण अशी की या खुणा वयानुसार एकेक करून उगवतात. चट्टे बहुधा पहिल्या वर्षातच दिसतात, काखेतले ठिपके काही वर्षांनी, आणि बुबुळावरचे उंचवटे कधी कधी त्याहून उशिरा. दीड वर्षाच्या बाळाला नुसतेच चट्टे असतील, तर आम्ही ‘आत्ता ठामपणे सांगता येत नाही’ असं लिहून देतो. त्यावर काही पालक नाराज होतात. पण घाईने दिलेलं उत्तर दोन्हीकडून चुकू शकतं. लीजियस सिंड्रोम या वेगळ्या, सौम्य जनुकीय आजारातही असेच चट्टे आणि ठिपके येतात, पण गाठी येत नाहीत.

इथेच आई-बाबांची गरज लागते. दोघांपैकी एकाला एनएफ-१ असल्याचं निकषांनुसार ठरलं, तर मुलात एकच खूण पुरते. वर्षानुवर्षांची वाट पाहणं एका भेटीत संपू शकतं. आणि ज्यांना हा आजार सौम्य आहे, त्यांना तो स्वतःला असल्याची कल्पनाही नसते. पाठीवरच्या दोन मऊ गाठींना चरबीच्या गाठी समजून कित्येक जण आयुष्य काढतात. आम्ही पालकांची त्वचा पाहतो आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर, डोळे तपासतो. याला थोडाच वेळ लागतो आणि दुखत काहीच नाही. एकच पालक आला, की ही अर्धी तपासणी राहून जाते आणि तुम्हाला पुन्हा सुट्टी काढावी लागते. आमच्याकडे होणाऱ्या दुसऱ्या फेऱ्यांचं सर्वात मोठं कारण हेच आहे.

‘कुणाकडून आलं’ हे ठरवण्यासाठी आम्ही बोलावतो, असं मात्र समजू नका. सुमारे निम्म्या मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई-बाबा दोघेही निरोगी असतात. १७ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तो होतो आणि त्याला गरोदरपणातलं खाणंपिणं किंवा काम कारणीभूत नसतं. हे आम्ही मुद्दाम दोघांसमोर सांगतो, कारण घरी जाऊन एकट्या आईला ते सगळ्यांना पटवावं लागू नये. पुढच्या बाळाचा विचार असेल तर उत्तर फार वेगळं येतं: पालकाला आजार असेल तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता ५० टक्के, आणि दोघांनाही नसेल तर ती अगदी कमी.

‘लगेच एमआरआय का सांगत नाही?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. लहान मुलाला त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते, आणि आज स्वच्छ आलेला एमआरआय पुढच्या वर्षीची हमी देत नाही. शिवाय एनएफ-१ असलेल्या मुलांच्या मेंदूत काही उजळ ठिपके दिसतात. ते गाठी नसतात, पण अहवाल वाचून पालक हादरतात. लक्षण नसेल तर त्याऐवजी नियमित डोळे तपासणं जास्त उपयोगी. साधारण १५ ते २० टक्के मुलांना दृष्टीच्या नसेवर गाठ होते, ती बहुधा सातव्या वर्षाच्या आतच, आणि त्यातल्या अनेकांना उपचारही लागत नाहीत. म्हणून आठ वर्षांपर्यंत दर वर्षी डोळे तपासायलाच हवेत.

वार्षिक भेटीत आम्ही उंची, वजन, डोक्याचा घेर, पाठीचा कणा आणि रक्तदाब पाहतो. रक्तदाबाचा पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचाच लावतो, नाहीतर आकडा चुकतो. शाळेबद्दलही विचारतो. निम्म्याहून अधिक मुलांना शिकण्यात किंवा लक्ष टिकवण्यात अडचण येते, तिला आळस म्हणू नका, लवकर मदत मिळाली तर फरक पडतो. चट्ट्यांवर मलम किंवा लेझर लावून पैसे घालवू नका. ते त्रास देत नाहीत आणि लेझरनंतर परतही येतात. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या, त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी (मज्जातंतूंच्या जाळ्यात पसरत जाणाऱ्या गाठी) सेल्युमेटिनिब या तोंडाने घ्यायच्या औषधाला २०२० मध्ये पहिल्यांदा मान्यता मिळाली. प्रत्येक गाठीला ते लागत नाही, आणि लागलं तर हृदय आणि डोळे तपासत राहावे लागतात.

पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा: गाठ झपाट्याने वाढली, कडक झाली किंवा सतत दुखू लागली, डोळा पुढे आला किंवा तिरळा झाला, सकाळी डोकं दुखून उलटी झाली, हातापायातली ताकद कमी झाली, वयात येण्याच्या खुणा फार लवकर दिसल्या किंवा बाक असलेल्या पायाने मूल लंगडू लागलं.

येताना जुने अहवाल, जन्मापासूनच्या वजन-उंचीच्या नोंदी आणि आधी झालेल्या एमआरआयची सीडी आणा, नुसता छापील कागद पुरत नाही. नाव नोंदवताना दोघांना जमणारी वेळ मागा, संध्याकाळच्या काही वेळा आम्ही त्यासाठीच राखून ठेवतो. डोळ्यांची आणि कण्याची तपासणी त्याच दिवशी इथेच होते, चार ठिकाणी फिरावं लागत नाही. एक पालक दूर राहत असेल किंवा येऊच शकत नसेल, तर त्यांनी जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडून बुबुळांची स्लिट लॅम्प तपासणी करून घ्यावी आणि भेटीआधी तो अहवाल आम्हाला पाठवावा.