अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाचा दावा: कोर्टाआधीची तक्रार, मुदत आणि कागदपत्रे

वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव झाला, तर 1964च्या नागरी हक्क कायद्यातल्या टायटल सेव्हनखाली दाद मागता येते. मात्र थेट कोर्ट गाठता येत नाही. आधी ईईओसी या केंद्रीय आयोगाकडे तक्रार, तिथल्या भाषेत 'चार्ज', नोंदवावी लागते. त्यासाठी फी नाही.

पात्रता : कंपनीत किमान 15 कर्मचारी हवेत. वयाचा मुद्दा असेल तर 20, आणि तक्रारदाराने चाळिशी गाठलेली हवी. अमेरिकेत काम करणाऱ्याला नागरिकत्वाची अट नाही. एच-वन-बी व्हिसावालेही अर्ज करू शकतात.

मुदत : खरी मेख इथेच आहे. चार्ज नोंदवायला साधारण 180 दिवस; राज्यात असाच कायदा राबवणारी संस्था असेल तर 300. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना आपल्याच खात्याच्या समुपदेशकाकडे 45 दिवसांत जावं लागतं. दिवस मोजायचे ते निर्णय कळल्यापासून, शेवटच्या हजेरीपासून नव्हे. 3 मार्चला काढल्याचं पत्र मिळालं आणि 30 एप्रिलपर्यंत काम केलं, तरी 180 दिवस 30 ऑगस्टला भरतात. 'एचआर बघतंय' म्हणून थांबलात तरी मुदत थांबत नाही.

कागदपत्रे : ऑफर लेटर, कामाचे आढावे, पगाराच्या स्लिपा, काढल्याचं पत्र, संबंधित ईमेल, साक्षीदारांची नावं. कंपनीच्या गोपनीय फाइली उचलून आणू नका, तेच उलटतं.

अर्ज आयोगाच्या पोर्टलवरून सुरू होतो, मग मुलाखत, मग सही. सहीआधी भेदभावाची सगळी कारणं चार्जमध्ये आली का, ते तपासा. 'फोर्ट बेंड काउंटी विरुद्ध डेव्हिस' खटल्यात काउंटीची (म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारची) कर्मचारी डेव्हिसने 'धर्म' हा शब्द सुरुवातीच्या प्रश्नावलीवर हाताने लिहिला होता, चार्जमध्ये नव्हता. काउंटीने हरकत घेतली ती कित्येक वर्षांनी. आधी चार्ज नोंदवण्याची अट कोर्टाच्या अधिकारक्षेत्राची नसून प्रक्रियेची आहे, त्यामुळे हरकत वेळेत घ्यायला हवी होती, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये ठरवलं. काउंटीचा वकील जागा असता तर धर्माचा मुद्दा तिथेच बाद झाला असता.

समान वेतन कायद्याखालच्या दाव्याला चार्ज लागत नाही. टायटल सेव्हनला लागतोच, आणि पुढे दावा करण्याच्या परवानगीचं पत्रही. ते मिळाल्यापासून 90 दिवसांत कोर्टात जायचं. पत्र पोर्टलवर येतं, ईमेलने फक्त सूचना मिळते. तेवढा स्पॅम फोल्डर बघत राहा.