त्रिकोण पिवळाच का? पोस्टर सिरीजमागची थोडी हिस्टरी

सध्या मॉडर्निस्ट डिझाइनमधल्या भूमितीवर चार पोस्टर करतेय आणि ज्याला दाखवावं तो म्हणतो, अच्छा, बाउहाउस ना (जर्मनीतली जुनी डिझाइन शाळा), गोल-चौकोन-त्रिकोण! झालं, विषय संपला. म्हणून मागचं जरा लिहून ठेवतेय.

सुरुवात खरं तर रशियात. मालेविच या चित्रकाराचं काळा चौकोन हे चित्र 1915 चं. त्यानंतर चारपाच वर्षांत, तिकडे यादवी युद्ध चालू असताना, एल लिसित्स्की या डिझायनरने पोस्टर केलं, त्यात एक लाल पाचर (म्हणजे बोल्शेविक) पांढऱ्या वर्तुळात (म्हणजे त्यांचे विरोधक, ‘व्हाइट’) घुसलीय, बस. माणूस नाही, बंदूक नाही, तरी कोण कोणाला ठोकतंय ते लगेच कळतं. हे माझं पहिलं पोस्टर.

मग बाउहाउस. 1919 मध्ये जर्मनीत वायमारला ग्रोपियस या आर्किटेक्टने सुरू केलेली शाळा, चित्रकार कांडिन्स्की तिथे 1922 मध्ये शिकवायला आला. 1923 मध्ये तिथे चक्क एक फॉर्म वाटला गेला, त्यावर त्रिकोण, चौकोन, वर्तुळ नुसते रेषेत काढलेले, आणि सांगितलेलं की पिवळा, लाल, निळा यातला कुठला रंग कुठे ते भरा आणि का तेही लिहा. कांडिन्स्कीचं उत्तर ठरलेलं होतं, टोकदार कोन म्हणून त्रिकोण पिवळा, काटकोन लाल, वर्तुळ निळं. मला अजिबात पटत नाही, कारण आपल्याकडे टोकदार म्हटलं की आधी मिरचीच आठवते आणि ती काय पिवळी नसते. पण आकाराला काहीतरी अर्थ असतोच ही तेव्हाची श्रद्धा त्या फॉर्ममध्ये सरळ दिसते, म्हणून दुसरं पोस्टर म्हणजे तो फॉर्मच, रिकामा. (त्याच्या आदल्या डिसेंबरात या मंडळींची चित्रं कलकत्त्यात प्रदर्शनाला आली होती, म्हणजे आपल्याला हे अगदीच परकं नाही.)

1933 मध्ये नाझींच्या दबावाखाली शाळा बंद पडली, माणसं पांगली. पुढचा मोठा टप्पा स्वित्झर्लंडचा आणि इथे मी सगळ्यात जास्त अडकले. झुरिकच्या टोनहाले या कॉन्सर्ट हॉलसाठी म्युलर-ब्रोकमन या स्विस डिझायनरने 1955 मध्ये केलेलं संगीतकार बेटहोवनचं पोस्टर बघा, माझं तिसरं यावरच. काळ्या चापांचे पट्टे, नाव स्मॉल लेटरमध्ये, बेटहोवनचा फोटो नाही की पियानो नाही. चाप वाटेल तिथे संपत नाहीत, पूर्ण वर्तुळाचे 32 भाग केलेत, म्हणजे एकेक 11.25 अंशांचा, आणि पट्ट्यांची जाडी दुप्पट-दुप्पट होत जाते. कोनमापकावर 11.25 ची खूण कुठे असते हो? मी कंपासपेटी काढून बसले तेव्हा लक्षात आलं की काटकोन तीनदा दुभागला की मिळतो, 45, 22.5, 11.25, आठवीत घोटून घेतलेलं तेच कर्कटकाचं काम. इथे गोलाला अर्थबिर्थ काही नाही, फक्त प्रमाण, जसं सुरांचं असतं तसं. फॉर्म ते हे पोस्टर, तीसबत्तीस वर्षांत एवढा फरक पडला.

चौथं अजून अर्धवट आहे. बाउहाउसमध्ये शिकलेला माक्स बिल जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन स्कूलचा पहिला रेक्टर झाला, पुढे साठच्या दशकात त्याच उल्ममध्ये आपले जेजेचे सुधाकर नाडकर्णी शिकले आणि 1969 मध्ये पवईला आयआयटीत आयडीसी (इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर) उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने. हे एका पोस्टरमध्ये कसं बसवायचं तेच सुचत नाहीये, सध्या कागदावर नुसती ग्रिड आखून ठेवलीय.