‘द मेसेज’: तबकडीवरचा आवाज आणि व्हिडिओतला चेहरा

जुलै १९८२मध्ये न्यू जर्सीच्या शुगर हिल रेकॉर्ड्सने ‘द मेसेज’ हे रॅप गाण्याचं सिंगल, म्हणजे एका गाण्याची तबकडी, काढलं, ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह’ या ग्रुपच्या नावाने. त्याचा व्हिडिओही झाला. आज गाणं शोधलं की आधी हा व्हिडिओच समोर येतो आणि तो पाहिला म्हणजे सिंगल ऐकलं, असं आपण धरून चालतो. माझाही बरीच वर्षं तोच समज होता. पण व्हिडिओवरून गाणं कोणाचं हे ठरवायला गेलात, तर एका माणसावर अन्याय होतो.

व्हिडिओत न्यूयॉर्कच्या रस्त्यावर ग्रुपमधले मेली मेल आणि रहीम हे दोघं रॅप करताना दिसतात. मेली मेलचा आवाज त्याचा स्वतःचा आहे. रहीम मात्र दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवतोय. तो आवाज एड फ्लेचरचा, म्हणजे ड्यूक बूटीचा. हा शुगर हिलच्या स्टुडिओत तालवाद्यं वाजवणारा वादक, ग्रुपचा सदस्य नव्हे. फुटक्या काचा, घरातले उंदीर-झुरळं, हप्ते थकले म्हणून ओढून नेलेली गाडी असं सगळं ज्यात आहे, ते गाणं मुळात त्यानेच लिहायला घेतलं होतं. ग्रुपला ते नकोच होतं. तेव्हाचं रॅप पार्टीत नाचायचं, त्यात एवढं गंभीर कोण ऐकणार, अशी त्यांना भीती होती. निर्माती सिल्व्हिया रॉबिन्सन हटून बसली आणि मेली मेल तयार झाला. शेवटचं, सगळ्यात काळीज हलवणारं कडवं मेली मेलचं आहे. त्याच्या ओळी त्याने ग्रुपच्याच १९७९च्या ‘सुपररॅपिन’ या गाण्यातून आणल्या होत्या.

आणि ग्रुपचा डीजे, ग्रँडमास्टर फ्लॅश? नाव त्याचं सगळ्यात पुढे, पण या रेकॉर्डवर त्याचं टर्नटेबल वाजतच नाही.

कोणी म्हणेल, ओठ हलवले तर बिघडलं काय? आपल्याकडे पडद्यावर एक आणि माइकपुढे दुसरा, हे सिनेमात लहानपणापासून चालत आलंय. पण तिथे पार्श्वगायक असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्याचं नावही वेगळं छापलं जातं. रॅपचा धर्म निराळा. पोवाड्याच्या शेवटी शाहीर स्वतःचं नाव गुंफतो, तसा रॅपरही आपल्या शब्दांवर आपली मोहर उमटवतो. तिथे बोलणारा एक आणि दिसणारा दुसरा, हे मला खरंच खुपतं. रहीमचा यात दोष धरू नये. तो स्वतः उत्तम रॅपर. फक्त या ओळी त्याच्या नाहीत.

व्हिडिओ टाकाऊ आहे असं मात्र अजिबात नाही. गाण्यात ज्या शहराचं वर्णन आहे, ते १९८२चं न्यूयॉर्क त्यात डोळ्यांना दिसतं. शेवटचा नाट्यप्रसंग तर बघण्यासारखाच आहे. पोरं कोपऱ्यावर गप्पा मारत उभी असतात, पोलिसांची गाडी येते, पोरं ग्रुपचं नाव सांगतात, तर पोलीस विचारतो, ही काय टोळी आहे का? आणि सगळ्यांना उचलतो. तबकडीवर बाकीच्या पोरांचा आवाज येतो तो एवढ्या प्रसंगापुरताच. रॅप त्या दोघांचंच.

म्हणून सात मिनिटांचं मूळ सिंगल एकदा चित्राविना ऐका. दोन आवाज लगेच वेगळे कळतात.

ड्यूक बूटी पुढे शिक्षक झाला आणि जानेवारी २०२१मध्ये वारला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीच्या पहिल्या ५० रेकॉर्डिंगमध्ये ‘द मेसेज’ घेतलं. हिप-हॉपमधलं त्या यादीत ते एकटंच. तिथे जपलंय ते तबकडीवरचं ध्वनिमुद्रण, त्यामुळे रहीमच्या चेहऱ्यामागचा ड्यूक बूटीचा आवाज तिथे आहे.