चांदी, रेडियम, युरेनियम: याखिमोव्हची पार्श्वभूमी

चेक प्रजासत्ताकाच्या वायव्येला, जर्मनीच्या सरहद्दीला लागून क्रुश्ने होरी ही डोंगररांग आहे. तिच्यातल्या एका अरुंद, चढत्या दरीत याखिमोव्ह वसलंय. वस्ती जेमतेम अडीच हजारांची. प्रवासी पुस्तिकांमध्ये त्याच्या दोन ओळखी हमखास सापडतात: डॉलरचं मूळ गाव आणि जगातलं पहिलं रेडियम-स्नानगृह. दोन्ही खऱ्या आहेत. पण तिसरी ओळख सांगितल्याशिवाय या गावाचा इतिहास पुरा होत नाही, आणि मला ती पहिल्या दोन्हींहून महत्त्वाची वाटते. गावाला वैभव ज्या डोंगराने दिलं, त्याच डोंगरात १९५० च्या दशकात हजारो राजकीय कैद्यांना राबवलं गेलं.

सुरुवात चांदीने झाली. १५१६ साली काउंट श्टेपान श्लिक याने इथे चांदीच्या खाणी सुरू केल्या. त्याआधी इथे एक किरकोळ खेडं होतं. चांदीच्या शिरा लागल्याची बातमी सीमेपलीकडे सॅक्सनीत पोचली तशी खाणकामगारांची रीघ लागली. १५२० मध्ये राजा लुडविक यागेलोन याने वस्तीला स्वतंत्र खाणनगराचा दर्जा दिला. संत योआखिमच्या नावावरून जर्मनभाषक रहिवासी तिला योआखिम्सटाल म्हणत. १५३४ च्या सुमारास लोकसंख्या १८ हजारांवर गेली होती. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, त्याहून मोठं शहर एकच, प्राग. डोंगरातल्या दरीत, शेतीला धड जागा नसताना एवढी माणसं जगवायची म्हणजे धान्य, लाकूड, कातडं सगळं बाहेरूनच येणार. त्याची किंमत चांदीने चुकती होत होती.

श्लिकने १५१९-२० मध्ये स्वतःची नाणी पाडायला घेतली. साधारण २९ ग्रॅम वजनाचं, चार सेंटिमीटर व्यासाचं जाडजूड नाणं. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा दोन शेपट्यांचा सिंह. एवढं मोठं चांदीचं नाणं युरोपात पहिल्यांदा इथेच निघालं असं सांगतात, ते बरोबर नाही. ऑस्ट्रियाकडच्या टिरोलमध्ये १४८६ सालीच तसं नाणं निघालं होतं. याखिमोव्हचं वैशिष्ट्य होतं ते संख्येत. इथली नाणी लाखोंनी पडली, जत्रा-बाजारांतून सगळीकडे गेली, आणि ‘योआखिम्सटालर’ या त्यांच्या नावातला शेवटचा तुकडा, ‘टालर’, हेच अशा नाण्याचं सर्वसाधारण नाव झालं. डच आणि इंग्रजी वळणं घेत त्याचं डॉलर झालं. या नाण्यांच्याच कुळातल्या, ऑस्ट्रियाच्या राणीच्या नावाच्या मारिया तेरेझा टालरची एक कडी आपल्याकडेही येते: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तो टालर मुंबईच्या टाकसाळीत पाडून घेतला होता.

श्लिकांचं राज्य फार टिकलं नाही. १५२५ मध्ये खाणकामगारांनी बंड करून त्यांची गढी लुटली. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत ऑटोमन सैन्याविरुद्ध राजा लुडविक आणि श्टेपान श्लिक दोघंही कामी आले. नवा राजा फर्डिनांड हाब्सबुर्ग याने १५२८ मध्ये टाकसाळीचा हक्क काढून घेतला, पुढे खाणीही घेतल्या. १५३० च्या दशकात उभी राहिलेली राजाची टाकसाळ चौकात अजून आहे. आज तिथे संग्रहालय आहे.

याच धामधुमीच्या काळात, १५२७ मध्ये, गावचा वैद्य म्हणून एक तरुण विद्वान इथे आला. गेओर्ग आग्रिकोला त्याचं नाव. रोगी तपासून उरलेला वेळ तो खाणीत आणि भट्ट्यांवर काढायचा आणि कामगारांना एकेक गोष्ट विचारायचा. शीर कशी ओळखायची, पाणी कसं उपसायचं, धातू कसा गाळायचा, हे सगळं त्याने पद्धतशीर टिपलं. त्याचा ‘दे रे मेतालिका’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ मध्ये छापला गेला आणि पुढची जवळपास दोनशे वर्षं युरोपातल्या खाणकामाचा मुख्य आधार राहिला. धुळीने फुफ्फुसं खराब होतात हे त्याने त्यात लिहिलंय, आणि खाणकऱ्यांनी तोंडावर सैलसर फडकं बांधावं असा उपायही दिलाय. हे लक्षात ठेवायला हवं. या डोंगराची धूळ माणसाला मारते, हे सोळाव्या शतकात लिहून ठेवलेलं होतं.

गाव प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लुथरच्या विचारांचं होतं. लुथरचा शिष्य आणि त्याचा चरित्रकार योहानेस माथेझिउस इथे आधी लॅटिन शाळेचा प्रमुख आणि मग धर्मगुरू होता. तो प्रवचनं खाणीच्या भाषेत द्यायचा. निकोलाउस हेर्मान या शाळामास्तराने मुलांसाठी रचलेली भजनं जर्मन चर्चमध्ये अजून गायली जातात. १५३४ ते १५४० दरम्यान बांधलेलं संत योआखिमचं चर्च हे बोहेमियात लुथरपंथीयांसाठी मुद्दाम उभारलेलं पहिलं चर्च मानतात. १८७३ च्या आगीत वरचं गाव जवळजवळ सगळं जळालं, चर्चही जळालं आणि त्यातली चित्रकार क्रानाखची वेदी गेली. आज दिसतं ते नंतर दुरुस्त केलेलं रूप. लॅटिन शाळेचा ग्रंथसंग्रह मात्र वाचला. खाणीवर उभ्या राहिलेल्या गावाने पुस्तकांवर इतका पैसा खर्च केला होता, हे पाहून अजून आश्चर्य वाटतं.

उतरण सोळाव्या शतकातच लागली. वरच्या शिरा संपल्या, खोल जावं तसा पाणी उपसण्याचा खर्च वाढला, आणि अमेरिकेतून स्वस्त चांदी येऊ लागली. १६२० नंतर कॅथलिक राजवटीने लुथरपंथीयांपुढे धर्म सोडा नाहीतर गाव सोडा असा पर्याय ठेवला, तेव्हा अनेक कुटुंबं सॅक्सनीत निघून गेली. श्लिकांची गढी तीस वर्षांच्या युद्धात पडली. तिचे दोन बुरूज तेवढे उरलेत. पुढची दोन शतकं लोकांनी लेस विणून, पुढे तंबाखूच्या कारखान्यात काम करून पोट भरलं.

चांदी संपली की शिरेत बहुतेक वेळा एक काळा, जड, डांबरासारखा चमकणारा दगड लागायचा. जुने खाणकामगार तो अपशकुनी मानून ढिगावर टाकून देत. १७८९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लापरोटने अशाच खनिजातून युरेनियम शोधलं. एकोणिसाव्या शतकात त्याला गिऱ्हाईकही मिळालं: काचेला आणि चिनी मातीला पिवळा-हिरवा रंग देण्यासाठी याखिमोव्हमध्ये सरकारी रंगकारखाना निघाला. युरेनियम काढून घेतलं की उरलेला चोथा पाइनच्या रानात टाकून देत.

१८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम यांचा शोध जाहीर केला. आता रेडियम प्रत्यक्ष वेगळं करून दाखवायचं, तर टनांवारी कच्चा माल हवा. मूळ खनिज महाग, पण हा टाकाऊ चोथा चालणार होता. व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांनी मध्यस्थी केली आणि ऑस्ट्रियन सरकारने (हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाकडे होता) पहिला टनभर माल फुकट दिला. पॅरिसमध्ये पोती उघडली तेव्हा तपकिरी मातीत रानातल्या पाइनच्या सुया मिसळलेल्या होत्या. गळक्या शेडमध्ये, जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी कांबीने तो उकळता लगदा ढवळत मारी क्युरींनी काही वर्षं घालवली. १९०२ मध्ये हाती लागलं ते ग्रॅमचा दहावा हिस्सा रेडियम क्लोराइड. १९२५ मध्ये त्या स्वतः याखिमोव्हला येऊन गेल्या.

याच सुमारास गावातलं पाणी पैसा देऊ लागलं. स्वोर्नोस्त या जुन्या खाणीत १८६४ मध्ये गरम झरा फुटून खालचे थर बुडाले होते. तेव्हा ती आपत्ती होती. विसाव्या शतकाच्या आरंभी कळलं की या पाण्यात रेडॉन, म्हणजे रेडियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, आहे. १९०६ मध्ये एका पाववाल्याच्या घरात पहिली स्नानं सुरू झाली, आणि १९१२ मध्ये ‘रेडियम पॅलेस’ हे भव्य हॉटेल उघडलं. सांधेदुखीचे रुग्ण आजही तिथे येतात. पाणी स्वोर्नोस्तमधून, सुमारे ५०० मीटर खोलीवरून येतं. त्याला रंग नाही, वास नाही. टब तळाकडून हळूहळू भरतात आणि रुग्णाला स्तब्ध पडून राहायला सांगतात, म्हणजे वायू उडून जात नाही.

१९३० च्या आसपास चेकोस्लोव्हाक डॉक्टरांनी इथल्या मृत खाणकामगारांची शवविच्छेदनं केली आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण भयंकर असल्याचं दाखवून दिलं. हा वैद्यकीय पुरावा छापून आला होता, सरकारला उपलब्ध होता. यापुढचं सगळं या माहितीसह घडलं, म्हणूनच ते वाचताना राग येतो.

१९३८ च्या म्युनिक करारानंतर हा भाग नाझी जर्मनीत गेला आणि युद्धकाळात युद्धकैद्यांना खाणीत उतरवलं गेलं. युद्ध संपताच गावच्या जर्मनभाषकांची, म्हणजे जवळपास सगळ्या गावाची, हकालपट्टी झाली. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाशी युरेनियमचा करार केला. स्टालिनला अणुबॉम्ब हवा होता आणि याखिमोव्हच्या खाणी तयार होत्या. मजूर कमी पडत होते. आधी जर्मन युद्धकैदी आणले, मग १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यावर, १९४९ पासून, स्वतःच्याच देशातले राजकीय कैदी.

जमीन सामुदायिक शेतीत द्यायला नकार देणारे शेतकरी, धर्मगुरू, स्काउट, विद्यार्थी, ब्रिटनच्या हवाई दलातून हिटलरशी लढलेले वैमानिक, सगळे इथे आले. १९५० मध्ये देशाच्या आइस हॉकी संघालाच अटक झाली. १९४७ आणि १९४९ च्या जगज्जेत्या संघांचा गोलरक्षक बोहुमिल मोद्री याला १५ वर्षांची शिक्षा झाली. तो १९५५ मध्ये सुटला, आणि १९६३ मध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, वारला.

खाणींना लागून काटेरी तारांच्या छावण्या होत्या: स्वोर्नोस्त, रोव्नोस्त, एलियाश, मारियान्स्का आणि आणखी काही. छावणी आणि खाण वेगवेगळ्या जागी असली की कैद्यांना दाटीवाटीने एकत्र उभं करायचे आणि सगळ्या जमावाभोवती पोलादी दोर आवळून कुलूप घालायचे. असा बांधलेला शेकडो माणसांचा गठ्ठा बर्फातून कामावर जायचा. एक जण घसरला की सगळे कोलमडायचे. कैदी त्याला ‘रशियन बस’ म्हणत. खनिज कुटून पिंपांत भरण्याचं काम जवळच्या ओस्त्रोव्हमध्ये, विटांच्या एका सात मजली बुरुजात चाले. तिथल्या कैद्यांनी त्या धुळीत दिवसचे दिवस काढले. आग्रिकोलाने सुचवलेलं फडकंसुद्धा त्यांच्या तोंडावर नव्हतं.

छावण्या १९६१ पर्यंत बंद झाल्या आणि त्यानंतर काही वर्षांत युरेनियमचं उत्खननही थांबलं. स्वोर्नोस्त तेवढी चालू राहिली, स्नानांच्या पाण्यासाठी. २०१९ मध्ये सॅक्सनी आणि चेक बाजूची मिळून २२ ठिकाणं युनेस्कोच्या यादीत आली. त्यांत याखिमोव्हचा जुना भाग आहे आणि ओस्त्रोव्हचा तो ‘लाल मृत्यूबुरूज’ही आहे, हे त्या यादीचं श्रेय.

गावात शिरताना आधी रेडियम पॅलेस लागतो. बरेच जण तिथूनच परततात. तसं करू नये. मुख्य रस्त्याने वर चढत गेलं की दोन्ही बाजूंना जुन्या खाणमालकांच्या घरांच्या कोरीव दगडी चौकटी दिसतात, मग टाउन हॉल, टाकसाळ, चर्च, आणि त्याच्याही वर स्वोर्नोस्त. तिथून ‘याखिमोव्हचा नरक’ नावाची पायवाट जुन्या छावण्यांच्या जागांवरून साडेआठ किलोमीटर फिरते. बहुतेक ठिकाणी आता फक्त झाडी, पाये आणि माहितीफलक आहेत. मे महिन्याच्या अखेरीस उरलेले कैदी आणि त्यांचे कुटुंबीय दरवर्षी इथे जमतात. कैद्यांची संख्या झपाट्याने घटते आहे, तरी मेळावा चालू आहे.