डेटा विश्लेषणाचे प्राथमिक प्रोग्रॅमिंग सराव (खानदेश)

डेटा विश्लेषणाचे प्राथमिक प्रोग्रॅमिंग सराव : प्रोग्रॅमिंगची जुजबी ओळख झालेल्या विद्यार्थ्याने आकडेवारीची फाइल वाचावी, ती साफ करावी, गटवार हिशेब करावा आणि आलेख काढावा, यासाठी रचलेली छोटी कामे. ती बहुधा पायथन भाषेत केली जातात. तक्ते हाताळण्यासाठी पांडास (वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेली) आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब (जॉन हंटर, २००३) या लायब्ररी (तयार फंक्शनांचे संच) वापरतात. पाठ्यक्रमांत आयरिस फुलांचा किंवा टायटॅनिकच्या प्रवाशांचा तक्ता हमखास असतो. पण आयरिसच्या पाकळीची लांबी चुकून १४ सेंटीमीटर आली, तरी जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला त्यात काही वावगे दिसणार नाही. रावेरच्या केळीचा भाव क्विंटलला १५ रुपये निघाला, तर तो लगेच खटकतो. उत्तर चुकल्याचे शिकणाऱ्याला स्वतःला कळेल असा डेटा निवडणे ही या सरावांची पहिली अट आहे. खानदेशातील जळगाव, धुळे आणि नंदुरबार (१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला) या तीन जिल्ह्यांची जनगणना, तालुकावार पाऊस आणि बाजार समित्यांचे भाव यांवर ती सहज पूर्ण होते.

पहिला सराव फाइलशिवाय करावा. २०११ च्या जनगणनेतील तीन ओळी हाताने टाइप कराव्यात : जळगाव, लोकसंख्या ४२,२९,९१७, क्षेत्रफळ ११,७६५ चौ. किमी, धुळे, २०,५०,८६२ आणि ७,१९५, नंदुरबार, १६,४८,२९५ आणि ५,९५५. एका स्तंभाला दुसऱ्याने भागले की घनता मिळते : सुमारे ३६०, २८५ आणि २७७. आता खानदेशाची घनता किती, असे विचारले की बहुतेक जण या तिन्हींची सरासरी काढतात आणि ३०७ सांगतात. एकूण लोकसंख्येला (७९,२९,०७४) एकूण क्षेत्रफळाने (२४,९१५) भागल्यास मात्र ३१८ येते. जळगावाकडे निम्म्याच्या आसपास जमीन आहे, आणि साध्या सरासरीत त्याला नंदुरबारइतकेच वजन मिळते. गुणोत्तरांची किंवा टक्केवारीची साधी सरासरी काढू नये, हे इथे तीन ओळींत कळते. पुढे हजार ओळींत तीच चूक दिसतही नाही. याला जोडून आणखी एक छोटे काम देता येते. पायथनची नेहमीची स्वल्पविरामाची सोय तीन-तीन आकड्यांचे गट पाडते. लाख-कोटींप्रमाणे, म्हणजे शेवटचे तीन आणि मग दोन-दोन, असे गट पाडणारे फंक्शन विद्यार्थ्याने स्वतः लिहावे.

फाइल वाचताना खरा कस लागतो. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमधून साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात जतन केली, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. म्हणून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. देवनागरी आकड्यांची गंमत अशी, की पायथनचे इंट आणि फ्लोट (मजकुराची संख्या करणारी फंक्शने) ते बिनतक्रार स्वीकारतात, पण पांडास फाइल वाचताना अशा स्तंभाला मजकूर समजते. मजकूर झालेल्या स्तंभाची बेरीज केली की आकडे एकापुढे एक चिकटून लांबलचक शेपूट तयार होते. म्हणून फाइल वाचल्यावर पहिली आज्ञा आलेखाची नसावी. ओळी किती आणि प्रत्येक स्तंभाचा प्रकार कोणता, हे आधी छापून पाहावे.

पावसाच्या नोंदींत ‘निरंक’ हा शब्द भेटतो. निरंक म्हणजे शून्य मिलिमीटर. रिकामा चौकोन म्हणजे नोंदच नाही. दोन्हींना एकच मानले की कोरडे दिवस आणि बंद पडलेले पर्जन्यमापक यांतला फरक पुसला जातो. निरंकच्या जागी ० भरावा, रिकामी जागा रिकामीच ठेवावी. पांडासची बेरीज रिकाम्या जागा वगळते आणि पूर्ण महिना रिकामा असेल तर उत्तर ० देते, म्हणजे नोंद हरवलेला जुलै कोरडा ठरतो. बेरजेत ‘मिन_काउंट’ (किमान किती नोंदी हव्यात तो पर्याय) १ दिल्यास तिथे रिकामीच जागा राहते. त्यानंतर पावसाचे दिवस मोजावेत. भारतीय हवामान विभाग २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानतो. शून्याहून मोठे सगळे दिवस मोजले तर संख्या फुगते.

तारखांची चूक सर्वांत फसवी. आपल्याकडे दिवस आधी लिहितात, पांडास महिना आधी धरते. ०३/०७ म्हणजे ३ जुलै ही तारीख ७ मार्च होते, आणि १३/०७ मात्र बरोबर वाचली जाते, कारण तेरावा महिना नसतो. जुन्या आवृत्त्यांत ही सरमिसळ गुपचूप होत असे. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून पहिल्या तारखेवरून साचा ठरतो आणि न बसणारी तारीख आली की त्रुटी दाखवली जाते; फाइल वाचतानाच तारखा ओळखायला सांगितले असेल, तर तो स्तंभ मुकाट्याने मजकूरच राहतो. ‘डेफर्स्ट’ (दिवस आधी) हा पर्याय खरा ठेवावा किंवा, त्याहून बरे, साचा स्पष्ट लिहावा. उलटलेल्या तारखा ओळखण्याची खूण पावसाच्या आलेखातच असते : जून ते सप्टेंबरच्या पहिल्या बारा दिवसांचा पाऊस वर्षभर विखुरतो आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या ६ ते ९ तारखांनाच सरी दिसतात.

गटवार हिशेबाला केळीचा बाजार उत्तम. एकाच दिवशी नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांपासूनची केळी) यांचे भाव वेगळे असतात. ते वेगळे न करता सरासरी काढली, तर भाव न बदलताही मालाचे प्रमाण बदलले म्हणून रेषा खाली-वर होते. आवकेचेही तेच. समजा १० क्विंटल २,००० रुपयांनी आणि ९० क्विंटल १,५०० रुपयांनी गेले. साधी सरासरी १,७५० येते, आवकेने भारित केलेली १,५५०. महिन्यांच्या नावांवर गट पाडल्यास क्रम अक्षरांनुसार लागतो : एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून. म्हणून महिन्याचा क्रमांक वापरावा. कापसासाठी तर इंग्रजी वर्षच टाळावे. त्याचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात, आणि डिसेंबरला रेघ मारली की एकाच पिकाचे दोन तुकडे होतात. रमजानमध्ये केळीला मागणी वाढते, पण तो महिना दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. त्यामुळे अनेक वर्षांच्या महिनावार सरासरीत हा चढ पसरून नाहीसा होतो.

दोन तक्ते जोडण्याच्या सरावात एक संख्या लक्षात ठेवावी : २५. जळगावचे १५, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६ तालुके. लोकसंख्या आणि पाऊस यांचे तक्ते तालुक्याच्या नावावर जोडल्यावर २३ ओळी उरल्या, तर नावे जुळलेली नाहीत. २७ झाल्या, तर कुठेतरी दुबार नोंद आहे. एका तक्त्यात अक्राणी आणि दुसऱ्यात धडगाव असते, तालुका एकच. मुक्ताईनगर जुन्या कागदांत एदलाबाद म्हणून येते. शिंदखेडा-शिंदखेडे, चोपडा-चोपडे आणि नावामागची अदृश्य मोकळी जागा हे नेहमीचे. डावी जोडणी (पहिल्या तक्त्याच्या सगळ्या ओळी राखणारी) करून न जुळलेली नावे छापावीत आणि पर्यायी नावांचा छोटा तक्ता हाताने तयार करावा. हे काम कंटाळवाणे असले तरी त्याला आडवाट नाही.

आलेख आधी प्रश्न ठरवून मगच काढावा. काळानुसार बदल दाखवायचा तर रेषा, तालुक्यांची तुलना करायची तर आडवे स्तंभ (मराठी नावे तिरकी न करता मावतात), भावांचा पसारा पाहायचा तर हिस्टोग्राम (कोणत्या टप्प्यात किती नोंदी, हे दाखवणारे स्तंभ). पाय आलेखाचा (वर्तुळाच्या फाकांचा) मोह नवशिक्यांनी टाळलेला बरा. पंचवीस फाका कोणालाच वाचता येत नाहीत. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करावा. १,५०० आणि १,६०० चे स्तंभ १,४०० पासून काढले, तर दुसरा पहिल्याच्या दुप्पट उंच दिसतो. अक्षावरचे आकडे चढत्या क्रमात नसतील किंवा सगळ्या तारखा एकमेकींवर चढून काळा पट्टा झाला असेल, तर तो स्तंभ अजून मजकूरच आहे; आलेखाच्या आज्ञा बदलत बसू नये, डेटाचा प्रकार दुरुस्त करावा. बाजार बंद असलेल्या दिवसांवरूनही रेषा सरळ ओढली जाते, म्हणून अशा ठिकाणी ठिपकेही दाखवावेत.

मराठी शीर्षक दिले की मॅटप्लॉटलिबमध्ये चौकोन उमटतात, कारण तिच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हा फाँट निवडल्यावर चौकोन जातात, पण बऱ्याच आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरे तुटतात; अक्षरे जुळवण्याचे काम फाँट एकटा करत नाही. ब्राउझर ते नीट करतो. म्हणून प्लॉटलीसारखी ब्राउझरमध्ये आलेख काढणारी लायब्ररी वापरावी, किंवा मॅटप्लॉटलिबचा आलेख एसव्हीजी या चित्र-स्वरूपात, ‘फाँटटाइप’ हा पर्याय ‘नन’ ठेवून (म्हणजे अक्षरे मजकूर म्हणूनच राहतात), जतन करावा आणि ब्राउझरमध्ये उघडावा.

काही हजार ओळींच्या अशा फाइलींना ४ जीबी रॅमचा संगणक पुरतो. गूगल कोलॅबवर (ब्राउझरमध्ये पायथन चालवण्याची सेवा) काम केल्यास सत्र संपल्यावर चढवलेल्या फाइली पुसल्या जातात. त्या ड्राइव्हवर ठेवाव्यात. नोटबुकमधील (कोड कप्प्याकप्प्यांनी चालवायची फाइल) कप्पे वर-खाली चालवल्याने जुनी मूल्ये स्मृतीत राहतात आणि चुकीचा कोडही बरोबर उत्तर देतो. त्यामुळे सराव तपासायला देण्यापूर्वी नोटबुक नव्याने सुरू करून सगळे कप्पे वरून खाली एकदा चालवावेत.