‘टिप’ म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’? छे!

बेळगाव-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून डोकं वर काढतो: जुन्या लंडनच्या कॉफीगृहांत एक पेटी असे, तिच्यावर ‘टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस’, म्हणजे ‘काम चटकन व्हावं म्हणून’, लिहिलेलं असे आणि त्याच आद्याक्षरांची वेटरला देतात ती ‘टिप’ झाली. वाचायला झकास, पण निव्वळ थाप.

आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची रीत विसाव्या शतकाआधी अगदीच विरळ. शिवाय आजच्या इंग्रजीत ‘इन्शुअर’ म्हणजे विमा उतरवणं. खात्री करायला ‘एन्शुअर’ लागतं. मग टिपेची ‘टेप’च व्हायची!

खरी हकिकत जास्त रंगतदार आहे. १६००च्या सुमारास इंग्लंडातल्या चोरांच्या बोलीत ‘टिप’ म्हणजे दे, पुढे सरकव. १७०६च्या सुमारास त्याला बक्षिसी देण्याचा अर्थ चिकटलेला दिसतो. खडेबाजारातल्या हॉटेलात बडीशेपेच्या बशीत, बिलाखाली हळूच सरकवलेली दहाची नोट पाहा. मूळ अर्थ तिथं अजून शाबूत आहे.

बाकीच्या ‘टिप’ निराळ्या. पेनाची टिप म्हणजे टोक. खानापूर रस्त्यानं खडी घेऊन धावणारा टिपर ‘कलंडवणं’ या अर्थाच्या ‘टिप’वरून आला. पोलिसांना मिळते ती टिप, म्हणजे आतली खबर, एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणाऱ्यांनी रूढ केली. शहापूरचा शिंपी मारतो ती टीप मात्र आपली मराठी. तिला या भानगडीत ओढू नका.